पाहिल्याशिवाय सही नाही

कोरियाला जायचं ठरलं की सिंगापुरातल्या मराठी माणसाने ते ऑफिसात सांगावं, शेजारच्या चिनी आजीला सांगावं, वाटल्यास रस्त्यात उभं राहून ओरडून सांगावं; फक्त काकांच्या कानावर जाऊ देऊ नये, असा आमच्या ओळखीच्या मंडळींत एक न बोललेला ठराव होता. काकांना कळलं की तुमची सहल तुमची राहत नसे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते चौकडीच्या वहीतले सहा कागद घेऊन तुमच्या दारात उभे. व्हॉट्सॅपवर पाठवणं त्यांना मंजूर नव्हतं. स्वतः यायचे, चपला काढायचे, पाणी नको म्हणायचे आणि सहाच्या सहा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवायचे.

कागदांची भाषाही काकांसारखीच होती. "सोल: एक दिवस. पुरे. राजवाडा: पाहावा, पण बराचसा पुन्हा उभारलेला आहे हे ध्यानात ठेवून पाहावा. राजांच्या पूर्वजांचं देवघर: लांबच लांब छप्पर आहे. समोर अर्धा तास गप्प बसावे. मोबाइल खिशात. हेइन्सा मठ: छपाईचे लाकडी ठोकळे. ठोकळे सगळेच पाहतात, खिडक्या पाहाव्यात. वरच्या आणि खालच्या खिडक्यांची मापं वेगळी का, याचा विचार करावा. ग्योंगजू: तीन दिवस. कमी चालणार नाही."

लोक जाणार पाच दिवसांसाठी. त्यातला एक दिवस बाजाराचा, एक बर्फाचा, आणि एक कुठल्याशा मालिकेत हिरोने हिरॉइनच्या डोक्यावर छत्री धरली त्या गल्लीचा. तीन दिवस ग्योंगजूला घालवून जुनी थडगी आणि दगड कोण बघणार? मंडळी कागद घ्यायची, "वा काका, केवढी मेहनत!" म्हणायची, आणि काका लिफ्टमध्ये शिरले की कागद रद्दीत.

परत आल्यावर तोंडी परीक्षा असे. ती चुकवणं अवघड, कारण काका रविवारी सकाळी क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडईत, बिनदुधाची कॉफी घेऊन बसलेले असत आणि तुम्ही कुठल्या विमानाने आलात हे त्यांना ठाऊक असे. पहिला प्रश्न ठरलेला: "सिंह किती?"

ग्योंगजूजवळ बुलगुक्सा नावाचा बौद्ध मठ आहे. त्याच्या अंगणात दोन दगडी मनोरे शेजारी शेजारी उभे आहेत, एक साधा आणि एक नक्षीदार. नक्षीदार मनोऱ्याच्या जोत्यावर पूर्वी चार सिंह होते म्हणतात. तीन गेले, एक राहिला. फोटोत मनोरा दिसतो. सिंहाकडे कुणी मुद्दाम बघत नाही. पाया लेबार भागात नोकरी करणारं एक जोडपं एकदा या प्रश्नाला सापडलं. नवरा म्हणाला "दोन", बायको म्हणाली "चार". काका म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोघं वेगवेगळ्या देवळांत गेला होता. माझे कागद परत द्या." कागद अर्थातच नव्हते. पुढे कितीतरी पार्ट्यांत त्या जोडप्याने हा किस्सा स्वतःच रंगवून सांगितला, आणि आम्ही पोट धरून हसलो. मी जरा जास्तच हसलो असेन. काकांचा जुना भाडेकरू म्हणून त्यांच्या नकला करायचा मान माझ्याकडे होता.

मी सिंगापुरात आलो तेव्हा सडाफटिंग होतो. बँकेच्या ऑडिट खात्यात लागलो होतो आणि काकांच्या क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमधली एक खोली भाड्याने घेतली होती. काकू पुण्यात मुलाजवळ राहत. काकांजवळ त्या का राहत नाहीत हे मला पहिल्या आठवड्यातच समजलं. काकांकडे लांब दांडीचा एक गोल आरसा होता, तळहाताएवढा. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ते बॅटरी आणि आरसा घेऊन माझ्या खोलीत यायचे, आरसा कपाटामागे, पलंगाखाली, एसीच्या वर सरकवायचे आणि जे दिसेल ते मोठ्याने सांगायचे. "कपाटामागे मोजा एक. डावा." दुसऱ्या हातात छोटी हातोडी असे. भिंत, फरशी, दार, बाजारातून आणलेलं कलिंगड, सगळ्यावर ती वाजे. आवाज ऐकून ते मान हलवत किंवा "पोकळ" म्हणत. मी नोकरीत कायम झालो तेव्हा माझ्याही पाठीवर थाप मारून ते क्षणभर थांबले होते. आवाज ऐकत होते की काय, देव जाणे.

ते जहाजावरचे इंजिनीअर. वीस वर्षं दर्यावर काढल्यावर त्यांना कंपनीने कोरियात, उल्सानला पाठवलं. तिथल्या कारखान्यात कंपनीची नवी जहाजं बांधली जात होती. कारखान्याने बांधायचं आणि जहाजमालकाच्या वतीने काकांनी एकेक जोड तपासून सही करायची, असं ते काम. आरसा आणि हातोडी तिथलीच. "पाहिल्याशिवाय सही नाही" हे वाक्यही तिथलंच असणार असं मी धरून चाललो होतो. दिवसातून चार वेळा तरी ते ऐकू यायचं. मी पीआरसाठी, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यासाठी, अर्ज केला तेव्हा त्यांच्याकडे एक ओळखीचं पत्र मागितलं, तर म्हणाले, "तू पदवीधर आहेस असं त्यात लिहायचंय ना? पदवी दाखव." मी झेरॉक्स दाखवली. "झेरॉक्सला मी ओळखत नाही." आईने पुण्याहून कुरिअरने मूळ प्रमाणपत्र पाठवलं, काकांनी ते उजेडात धरून पाहिलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं, आणि मग सही केली. तोवर अर्जाची मुदत महिन्याने वाढवून घ्यावी लागली होती.

लग्नानंतर आम्ही बिशानला स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा वास्तुशांतीला काका आले ते हातोडी घेऊनच. गुरुजी मंत्र म्हणतायत आणि हे स्वयंपाकघरात टक टक. जेवणं झाल्यावर त्यांनी बायकोच्या हातात सत्तावीस दोषांची यादी ठेवली. एकोणीस फरश्या पोकळ, सिंकखाली ओल, बाल्कनीच्या कठड्याचा एक स्क्रू गायब. बायको धुसफुसत म्हणाली, "यांना पुढच्या वेळी बोलवायचं नाही हं." दोन वर्षांनी भर दुपारी मोठा आवाज होऊन हॉलच्या फरश्या पापडासारख्या उठल्या. मोजल्या तर एकोणीस. कठड्याचा स्क्रू मात्र मी यादी मिळाल्या दिवशीच बसवला होता. मुलगी तेव्हा रांगत होती.

हे सगळं विनोदी वाटतं, आणि मी ते विनोदीच करून सांगत आलो. पण रविवारी कॉफीचा दुसरा कप आला की काका बोलायला लागत, तेव्हा माझी नक्कल थांबायची. बुलगुक्साच्या जोत्याविषयी सांगताना त्यांचे हात हवेत दगड रचायचे. "खालचे धोंडे डोंगरातून आले तसेच ठेवलेत रे. ओबडधोबड. त्यांना तासलं नाही. वरचा घडीव दगड त्यांच्या उंचवट्याला बेतून कापलाय. मध्ये कागद सरकत नाही. शेकडो वर्षं! आणि आमच्याकडे दोन पत्र्यांमधली फट मोठी झाली की त्यात सळ्या कोंबून वरून वेल्डिंग करायचे. आरसा घातला की सापडायचे." हेइन्साच्या खिडक्यांचंही तसंच. वारा एकीकडून आत येऊन खोलीभर फिरून दुसरीकडून जावा म्हणून त्या लहानमोठ्या ठेवल्यात, म्हणून इतक्या शतकांत लाकूड सडलं नाही. हे सांगताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की आपणच काहीतरी मोठं बांधून आलोय असं ऐकणाऱ्याला वाटावं.

आणि एवढं सांगणारा हा माणूस बावीस वर्षांत एकदाही तिकडे गेला नव्हता. सहा-साडेसहा तासांचं विमान, हाताशी पैसा, वेळच वेळ, पण नाही. त्यांच्या कागदांवरच्या निम्म्या बसगाड्या बंद झाल्या होत्या. बसस्टँडसमोर मक्याचा चहा देणाऱ्या कुण्या बाईला "माझा नमस्कार सांगा" असं ते अजून लिहीत. कुणीतरी चौकशी केली तर तिथे मोबाइलचं दुकान. लोक म्हणायचे, काका कोरियात कधी गेलेच नसतील, पुस्तकं वाचून फेकतात. हे मी ऐकलं आणि खोडून काढलं नाही.

तीन वर्षांपूर्वी काकांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यानंतर महिन्याभरात आमचं कोरियाला जायचं ठरलं. मुलगी गार्गी तेरा वर्षांची, कोरियन गाण्यांपायी वेडी झालेली, यूट्यूबवर बघून ती लिपीसुद्धा वाचायला शिकलेली. बायकोने बजावलं होतं, काकांना बोलू नका. पण मी त्यांना भेटायला गेलो होतो, विषय निघाला आणि माझ्या तोंडून गेलं.

मी सहा कागदांची वाट बघत बसलो. काकांनी एकही काढला नाही. खिशातून पाकीट काढलं, त्यातून पत्त्याच्या पानाएवढं एक जाड कार्ड काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. त्यावर कोरियन लिपीत तीन अक्षरं होती.

"तुला एकच काम," ते म्हणाले. "बुलगुक्साला जायचं. तिथे छपराची दुरुस्ती कायम चालू असते. आत गेलास की टेबलावर नवी कौलं रचलेली दिसतील. थोडे पैसे द्यायचे आणि कौलावर आपल्या माणसाचं नाव लिहायचं. ते कौल मग छपरावर चढतं. नाव कुणाला दिसत नाही. पण पाऊस अडवतं. हे नाव लिही."

"कोण हे?"

"रंगारी होता. कारखान्यात."

मग त्यांनी सांगितलं. एका शनिवारी दुपारी टाकीची तपासणी होती. टाकी म्हणजे जहाजाच्या पोटातली चार मजली उंच लोखंडी खोली. आत उतरायचं, प्रत्येक शिडीचा प्रत्येक जोड आरशाने पाहायचा, मग सही. काकांनी वरच्या भोकातून बॅटरी मारली. वरच्या दोन शिड्या चांगल्या दिसल्या. फोरमन म्हणाला, खालच्याही तशाच आहेत.

"बुलगुक्साच्या वर डोंगरात गुहा आहे," काका म्हणाले. "आत दगडी बुद्ध आहे. तोंड पूर्वेला, समुद्राकडे. रविवारी तिथून सूर्योदय पाहायचा होता मला. चारची बस गाठायची होती. सही केली."

मी कार्ड उचलून पुन्हा खाली ठेवलं.

"सूर्योदय पाहिला. फार सुंदर होता. मंगळवारी तो टाकीत उतरला, रंग द्यायला. खालच्या शिडीला नुसते टाके मारलेले होते. पक्कं वेल्डिंग झालंच नव्हतं. शिडी हातात आली त्याच्या." त्यांनी कार्ड बोटाने सरळ केलं. "त्यानेच सांगितलं होतं मला, सूर्योदय बघ म्हणून. भाषा येत नव्हती एकमेकांची. असे हात करून सांगितलं होतं."

त्यांनी दोन्ही हात खालून वर नेले.

सगळ्यांनी त्यांना सांगितलं होतं की चूक कारखान्याची. कागदावर मात्र सही यांची. कारखाना सोडून इकडच्या ऑफिसात येण्याआधी ते कौलांच्या त्या टेबलापर्यंत गेले होते, पण हात उचलला नाही. मग वर्षानुवर्षं धीर झाला नाही. आता धीर झाला तर डॉक्टर विमानात बसू देईनात.

"म्हणून सगळ्यांना पाठवत होता?"

"नीट बघणारा एक माणूस पाहिजे होता मला. ज्याने सिंह मोजला त्याला हे सांगायचं, असं ठरवलं होतं. कोणी मोजलाच नाही रे." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू ऑडिटवाला आहेस. दुसऱ्याच्या सह्या तपासतोस. आणि आता माझ्याकडे वेळ नाही. जाशील ना?"

मी म्हणालो, "काका, हे काय विचारणं झालं?"

तिसऱ्या दिवशीची ग्योंगजूची तिकिटं मी इथूनच काढली होती. हे मुद्दाम लिहितो, कारण मी पहिल्यापासून लबाड नव्हतो एवढं तरी नोंदलं जावं. त्या दिवशी सकाळी सोलमध्ये पाऊस होता. हॉटेलची गादी मऊ होती. जायला अडीच तास, यायला अडीच तास, मध्ये छत्री घेऊन डोंगर. बायको म्हणाली, "मी एकटी फिरेन आज. तुम्ही दोघं जाऊन या, त्या माणसाचं काम आहे." गार्गी तर बूट घालून तयार होती. आदल्या दिवशी तिने कार्ड हातात घेऊन वाचलं होतं. "बाबा, इट्स अ नेम. अ मॅन्स नेम," असं म्हणून तिने ते नाव हळूच दोनदा उच्चारलं होतं.

मी फोनवर तिकिटं रद्द केली.

"बट काका आस्क यू, राइट?" ती म्हणाली. "प्रॉमिस ऑलरेडी."

"नेक्स्ट टाइम," मी म्हणालो. आणि मनात म्हणालो, कोण बघणार आहे?

त्या दिवशी पाऊस दहा वाजता थांबला. आम्ही राजवाड्यात गेलो. तिथला जुना पोशाख भाड्याने घेऊन घातला तर आत फुकट सोडतात. मी निळा झगा आणि काळी जाळीदार उंच टोपी घातली. तो फोटो फार छान आलाय असं सगळे म्हणतात. ज्या वेळी मी त्या टेबलाजवळ असायला हवा होतो, त्या वेळचा माझा फोटो आहे तो. आमच्या फ्रिजवर होता बरेच दिवस.

परतीच्या विमानात मी अभ्यास केला. हे माझं रोजचंच काम. समोरचा काय विचारणार हे आधी ओळखायचं आणि त्याचं उत्तर तयार ठेवायचं. सिंह एक. नक्षीदार मनोऱ्याला पायऱ्या आहेत, साध्याला नाहीत. मठाच्या दारातल्या दगडी पुलावरून चालू देत नाहीत, बाजूने आत जावं लागतं. कौलांचं मात्र काही वाचलं नाही. कौल ते कौल, त्यात काय वाचायचं?

रविवारी मी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता. टेबलावर दोन कप आणि ती चौकडीची वही. मला वाटलं होतं ते आधी कौलाचं विचारतील. त्यांनी नेहमीच्याच क्रमाने विचारलं.

"सिंह किती?"

"एक."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडले. इतक्या वर्षांत हे उत्तर पहिल्यांदा आलं होतं. पुढचे प्रश्न त्यांनी घाईघाईने विचारले, जणू उत्तरं माहीतच होती. पायऱ्या, पूल, जोत्याचे दगड. "कागद सरकत नाही, काका," मी म्हणालो. त्यांचंच वाक्य मी त्यांना विकलं. गुहेतून समुद्र दिसला का, विचारलं. मी म्हणालो ढग होते. खोट्या हकीकतीत हवा खराब ठेवावी, म्हणजे कमी सांगावं लागतं.

"आणि नाव?"

"लिहिलं."

"फोटो?"

"टेबलाजवळ काढू देत नाहीत."

"असेल," ते म्हणाले. वहीत काहीतरी लिहिलं. मग चहा ओतता ओतता, अगदी कुतूहलानेच, त्यांनी विचारलं, "पेन कसलं देतात रे आता?"

"काळं मार्कर. जाड टोकाचं."

चहा कपात पडत राहिला आणि बशीत सांडला. काकांनी किटली खाली ठेवली.

"काळं?"

"हो."

"नीट उठलं नाव?"

"एकदम ठळक."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. कपाटामागचा मोजा सापडला की ते ओरडायचे. या वेळी ओरडले नाहीत. "चहा घे," म्हणाले. "निवतोय."

क्वीन्सटाउनहून बिशानला जाताना ब्युओना व्हिस्टाला गाडी बदलावी लागते. तिथल्या सरकत्या जिन्यावर मी फोन काढला आणि त्या मठातल्या कौलांचे फोटो शोधले. पहिलाच फोटो पुरेसा होता. कौलं कोळशासारखी काळी होती. ओळीने रचलेली, आणि प्रत्येकावर कुणाकुणाची नावं, पांढऱ्या रंगाने.

परत जायला दोनच स्टेशनं होती. मी गेलो नाही. बिशानला उतरलो, मुलीसाठी बबल टी घेतला आणि घरी आलो.

त्यानंतर मी काकांकडे तीन-चार वेळा गेलो असेन. गुडघे, औषधं, पुण्यातला उकाडा, एवढंच बोलणं झालं. त्यांनी कौलाचा विषय काढला नाही. मी वाट बघायचो की आता काढतील, शिव्या देतील, कागद परत मागतील. त्यांनी मला दर वेळी लिफ्टपर्यंत सोडलं. त्या दिवसापासून त्यांनी कोरियाला जाणाऱ्या कुणालाही कागद दिले नाहीत, सिंह किती म्हणून कुणाला विचारलं नाही. लोक म्हणाले, ऑपरेशननंतर काका निवळले, बरं झालं. मी मान डोलावली. मला माहीत होतं, त्यांना शेवटी एक नीट बघणारा मिळाला होता आणि तो मी निघालो होतो.

आठ महिन्यांनी, एका बुधवारी दुपारी, इमारतीखालच्या बाकावर बसल्या बसल्या ते गेले. पुण्याहून मुलगा आला. शोकसभेला आम्ही पन्नासेक माणसं जमलो. एकापाठोपाठ एक किस्से झाले. पाया लेबारवाल्यांनी "वेगवेगळ्या देवळांत" सांगितलं, फरश्या झाल्या, कलिंगड झालं. सगळे हसत होते, डोळे पुसत होते. मग कुणीतरी म्हणालं, भाडेकरूने बोललंच पाहिजे. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "काकांनी मला एकच गोष्ट शिकवली. पाहिल्याशिवाय सही नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या घेतल्या आणि खाली बसलो.

जाताना मुलाने मला आरसा दिला आणि ती वही. "बाबांनी चिठ्ठी लावून ठेवली होती, तुम्हाला द्यायची म्हणून," तो म्हणाला. तो भला माणूस. त्याने वही उघडून पाहिली नसावी, किंवा पाहूनही त्याला काही कळलं नसावं.

वहीत आम्हा सगळ्यांची नावं होती. कोण कधी गेलं, कागद कधी दिले, परीक्षेत काय झालं. बहुतेकांपुढे एकच शेरा: "सिंह नाही." शेवटचं पान माझं होतं. "सिंह: बरोबर. पायऱ्या: बरोबर. पूल: बरोबर. कौल: नाव लिहिले." त्याखाली त्यांची सही, पूर्ण, तारखेसकट. तारीख त्या रविवारची नव्हती. ते गेले त्याच्या चार दिवस आधीची होती. आणि सहीच्या खाली बारीक अक्षरात: "न पाहता सही. दुसऱ्यांदा."

ही त्यांनी मला दिलेली माफी की शिक्षा, ते मी ठरवू शकलेलो नाही. माफी म्हणावी तर वही माझ्याकडे कशाला पाठवली? शिक्षा म्हणावी तर माझं खोटं स्वतःच्या नावावर कशाला घेतलं? पहिल्या सहीने त्यांचं आयुष्य गेलं होतं. दुसरी त्यांनी सगळं माहीत असताना माझ्यासाठी केली. मला राग येतो त्यांचा. माझी कॉलर धरून "खोटारड्या" म्हणाले असते तर मी रडलो असतो, पाय धरले असते आणि पुढच्या आठवड्यात विमानात बसलो असतो. असा माणूस आहे मी. मला कुणी तपासणारा लागतो.

आता तपासणारी घरातच आहे. गार्गी अधूनमधून विचारते, "बाबा, व्हेन वी गोइंग?" कुठे, हे ती सांगत नाही. मी म्हणतो, डिसेंबरात. दोन डिसेंबर झाले. गेल्या खेपेला मी तसं म्हणालो तेव्हा तिने फ्रिजवरचा तो टोपीतला फोटो काढला आणि ड्रॉवरमध्ये पालथा ठेवून दिला.

कार्ड माझ्या पाकिटात आहे. कडा काळ्या पडल्यात. त्यावरची तीन अक्षरं मला आता न बघता काढता येतात. ऑफिसात मीटिंगमध्ये वहीच्या कोपऱ्यात आपोआप काढली जातात. कुठे लिहायची हे माहीत आहे. कशाने लिहायची, तेही माहीत आहे. पांढऱ्या रंगाने.